ऊब

रात्री साडेअकराला मी घरामागच्या मैदानाला पाणी पाजतो.
उणे एकतीस. नळीचं तोंड बगलेत धरून
आडव्या फेऱ्या, माझ्या कुंपणापासून धान्याच्या कोठारापर्यंत,
एक थर गोठला की दुसरा.
सकाळी पोरं येतात, माझ्या पाण्यावर ओरखडे काढतात.
पाणी पाजणं या शब्दाचा दुसरा अर्थही
मी पुष्कळ वर्षं राबवला.

अकरा हंगाम. चार गोल.
त्यातला एक माझ्या मांडीला लागून आत गेला,
मी तेव्हा पंचाशी हुज्जत घालत होतो.
शिक्षेच्या पेटीत बसलो ती मिनिटं मात्र
दोन हजारांच्या वर.
हातावर पोट म्हणतात, ते माझं खरंच होतं.
फक्त हात मिटलेला.

कोच कधी 'मार' म्हणाला नाही.
बाकामागून यायचा, खांद्यावर दोन बोटं ठेवायचा:
"ओरेस्ट, फार गारठलंय रे. जरा ऊब आण."
मी कठडा ओलांडायचो, हातमोजे टाकायचो,
आणि सगळं गाव उभं राहायचं.
त्यात मिसेस डॅनिल्युक,
रविवारी चर्चच्या तळघरात बटाट्याचे पिरोगी वळणारी,
माझ्या बाप्तिस्म्याला जिने टोपरं विणलं होतं.
तिचा आवाज मला गर्दीतून वेगळा ऐकू यायचा:
"नाक, ओरेस्ट! नाक!"
सामन्यानंतर तीच माझ्या सुजलेल्या बोटांत
गरम डबा द्यायची. हळू धर, म्हणायची.
मी तिला दोष देत नाही.
आमच्याकडे तेव्हा होतं काय?
बटाटे, बर्फ आणि शनिवार.

लुसिएन थिबो हा त्यांचा ऊब आणणारा.
सहा वर्षांत आम्ही एकोणीस वेळा भिडलो.
वैर नव्हतं. बोलणंही नव्हतं;
त्याला इंग्रजी येत नव्हती, मला फ्रेंच.
कॉलर धरायची, कपाळाला कपाळ,
तो उजवा सोडायचा, मी डावा,
आणि पंच मध्ये पडेपर्यंत
त्याचा श्वास माझ्या कानात: दोन आखूड, एक लांब,
लांबाच्या शेवटी बारीक शिट्टी.
ते नाक मीच मोडलेलं.

मालिका संपली की रांग लागते.
हातमोजे काढून, उघड्या हाताने, एकेकाशी.
तिथे त्याचा तळवा माझ्या तळव्यात यायचा.
मऊ असायचा. दरवेळी मला नवल वाटायचं.

आता मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत.
बायकोने सगळीकडे टिचबटणं शिवलीत.
दात सहा गेले. त्यातले दोन
कागदी पेल्यात घालून आईला नेऊन दिले होते;
तिने ठेवले की फेकले, विचारलं नाही.
लोक मला विचारतात, पुन्हा खेळाल का?
त्यांना 'नाही' ऐकायचं असतं,
मग थोडं हळहळायचं असतं.
हात अजून शिवशिवतात. थंडीने म्हणा.

परवा पाणी सोडलेलं असतानाच फोन वाजला.
त्यांच्याकडे दीड वाजला असेल.
थिबोची मुलगी, सोलांज.
"बाबा आता कुणाला ओळखत नाहीत. आईलाही नाही.
पण झोपेत ओरेस्ट म्हणतात. आत्ताच पुन्हा म्हणाले.
आम्हाला वाटलं, कुणी मित्र असेल."
मी म्हटलं, हो.
तिने फोन त्याच्या कानाला लावला.
बोलणार काय? फ्रेंच मला अजूनही येत नाही.
मी गप्प, तो गप्प.
मग दोन आखूड. एक लांब. शिट्टी.

स्वयंपाकघरात उभा मी, बूट न काढता,
रिसीव्हर कानाशी गच्च दाबून.
किती वेळ, सांगता येत नाही.
पाच मिनिटं असतील.

बाहेर नळी चालूच राहिली होती.
पाणी कुंपणाखालून
मिसेस डॅनिल्युकच्या अंगणात जाऊन गोठलं.
ती आता नाही. दुसरे कुणी राहतात.
सकाळी त्यांचा धाकटा
त्यावर नुसत्या बुटांनी घसरत होता.